एक्केचाळीस नंबरचा झगा

१

चोराने वही नेली होती आणि तिच्या जागी एक झगा ठेवला होता. काचेच्या पेटीचं कुलूप शाबूत होतं.

"पोलिसांत जायचं नाहीये," संस्थेचे अध्यक्ष मला पायऱ्यांवरच म्हणाले. "शुक्रवारी बाईंचा, म्हणजे इथल्या जुन्या अधीक्षिकांचा, सत्कार आहे. मोठमोठी माणसं येणार आहेत. त्याआधी वही गुपचूप सापडली पाहिजे. तुमचं नाव खूप ऐकलं होतं, म्हणून फोन केला."

मी तपास अधिकारी म्हणून तीस वर्षं नोकरी केली. आता निवृत्त आहे आणि असली गुपचूप कामं करते. पण हे काम वेगळं होतं. याच इमारतीतून मला तीनदा लेखी उत्तर आलं होतं, 'त्या वर्षाचे कागद वाळवीने खाल्ले.' आता अध्यक्ष सांगत होते की त्याच वर्षाची वही प्रदर्शनात मांडली होती आणि आज सकाळी नाहीशी झाली. मी सूड घ्यायला निघाले होते, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी मला न्यायप्रिय वगैरे म्हणायला नको.

ही इमारत म्हणजे पूर्वीचं मुलींचं सुधारगृह. ते बंद होऊन वीस वर्षं झाली. मागच्या भागात संस्थेचं धुलाईघर अजून चालतं, आणि दर्शनी दालनात जुन्या काळाचं प्रदर्शन मांडलं होतं. मधोमध ती पेटी. आत, वहीच्या रिकाम्या जागी, जाड्याभरड्या पांढऱ्या कापडाचा झगा. खळ घालून इस्त्री केलेला, तीन घड्या पाडलेला, छातीवरचा लाल दोऱ्यातला आकडा वर येईल असा. एक्केचाळीस.

"धुलाईघरातलाच आहे हा," अध्यक्ष म्हणाले. "सरळ आहे. तिथे त्या मावशी आहेत. पूर्वी इथेच होत्या, म्हणजे आत. बाईंवर जुना राग असणार. चार वाजेपर्यंत त्यांनी वही दिली नाही तर मात्र मला पोलिसांना बोलवावंच लागेल."

"वही कुठे शोधली?"

"सगळीकडे. बाई आवारातच राहतात. त्यांनी तर स्वतः सांगितलं, माझ्या खोलीपासून सुरुवात करा. फाटकावरच्या माणसाने सकाळपासून कुणाच्या हातात पिशवीसुद्धा बाहेर जाताना पाहिलेली नाही. आणि वही चांगली ताटाएवढी आहे."

ते फोन घ्यायला बाजूला झाले, तसा मी झगा उचलला आणि खालची पट्टी उलटी केली. आतल्या बाजूला, बोटाच्या पेराएवढा, निळ्या दोऱ्याने शिवलेला एक मासा होता.

तो मासा मी एकदाच पाहिला होता, नऊ वर्षांची असताना, जाळीच्या पलीकडून. माझ्या ताईने पट्टी उलटून मला दाखवला होता आणि ओठांवर बोट ठेवलं होतं.

२

ताई सोळा वर्षांची होती. दुपारी कालव्यात पोहायची, मुलं पोहायची तिथेच. एका दुपारी ती बातमी बाबांपर्यंत पोचली. कुणी पोचवली ते पुढे येईल. त्या काळच्या कायद्यात मुलीला आत टाकायला गुन्हा लागत नसे. 'हाताबाहेर गेलेली' एवढं लिहायचं आणि खाली वडिलांची सही, की काम झालं. बाबांनी सही केली. सहा महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. नंबर एक्केचाळीस गृहाच्या झग्यानिशी पळाली आहे, घरी आल्यास ताबडतोब कळवावे.

आई एकावन्न वर्षांपूर्वीच्या त्या दिवसापासून मरेपर्यंत मागच्या दाराला कडी लावत नव्हती. बाबा म्हणायचे, पळालीच ना शेवटी, मी म्हणत नव्हतो? त्यांना तेवढाच आधार होता.

आता तो झगा माझ्या हातात होता.

मी पहिल्यांदा लेखनिकांकडे गेले. सत्तरी ओलांडलेला, कोट घातलेला, नीटनेटका माणूस. तेव्हाही वह्या तेच लिहीत, आताही दप्तर तेच सांभाळतात.

"इतक्या वह्यांमधून नेमकी तीच का मांडली?" मी विचारलं.

ते जरा लाजले. "त्या वर्षी माझं अक्षर फार चांगलं होतं. पुढे हात बिघडला."

"आणि वाळवी?"

"ते बाई सांगत तसं उत्तर मी पाठवायचो. पण वही टाकून द्यायला जीव होईना माझा. एवढं वळणदार अक्षर!"

मला हसूही आलं आणि त्यांच्या त्या स्वच्छ बोटांवर रूळ मारावा असंही वाटलं. वहीत काय असायचं, असं विचारल्यावर त्यांनी पाठ असल्यासारखं सांगितलं. प्रत्येक मुलीचं एक पान. वर, कुणी आणली आणि माहिती कुणी दिली. खाली वर्तन आणि शिक्षा, बहुतेकदा जिन्याखालची विचारखोली. शेवटी, नंबर सुटण्याचं कारण.

"वर्तन म्हणजे?"

"खिडकीशी उभी राहिली. उलटं बघितलं. कारण नसताना हसली."

"हे गुन्हे होते?"

"छे, गुन्हे कोर्टात असतात. आम्ही वर्तन म्हणायचो."

"आणि वाईट वर्तन कुठलं, हे ठरवायचं कोण?"

"बाई सांगायच्या, मी लिहायचो. लिहिलं की ठरलं." ते साधेपणाने म्हणाले. मी किल्ल्यांकडे वळले.

पेटीच्या किल्ल्या दोन, एक त्यांच्याकडे आणि एक बाईंकडे. त्यांची कोटाच्या खिशात असते. कोट काल रविवारी इस्त्रीला धुलाईघरात होता, हे त्यांना मी विचारल्यावर आठवलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"एका मुलीला झगे किती असायचे?"

"एकच. रविवारी धुवायला घेत, तेव्हा मुली नुसत्या परकरावर बसून राहायच्या. झगा फाटेपर्यंत वाया घालवायचा नाही, हा नियम. मुलगी घरी गेली, लग्न होऊन गेली, की झगा परत घ्यायचा आणि नव्या मुलीला त्याच नंबरावर घालायचा. नंबर माणसाचा नसतो, कापडाचा असतो."

"आणि पळाली तर?"

"तर अंगावरचं घेऊनच पळणार ना. मग नंबर मेला. सतरा तसा गेला, एकोणतीस तसा गेला. पुन्हा कुठल्या वहीत दिसणार नाहीत तुम्हाला."

"एक्केचाळीस?"

लेखनिकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ते वही बघितल्याशिवाय नाही सांगता येणार," ते म्हणाले. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

३

धुलाईघराच्या मागे वाळवणाचं मैदान आहे. एका ओळीत सहा तारा, लोखंडी खांबांवर ताणलेल्या. पाच तारांवर इस्पितळाच्या चादरी खेटून खेटून घातल्या होत्या. सहावी तार रिकामी होती. खाली टोपल्यांत मात्र ओल्या चादरींचा ढीग पडून होता.

मावशी पासष्टीच्या, हात कोपरापर्यंत पांढरे पडलेले. मी कोण ते सांगितलं, तर त्यांनी चादर झटकली आणि पाणी माझ्या तोंडावर उडालं. चुकून उडालं असं मला वाटलं नाही.

"झगा धुलाईघरातला आहे, म्हणजे मीच ठेवला असणार. असंच ना?"

"मी नुसतं विचारतेय."

"मग विचारत राहा."

"ती तार रिकामी का?"

"सैल आहे."

मी जाऊन तार ओढून पाहिली. सतारीच्या तारेसारखी ताठ होती. मावशी बघत होत्या. मी टोपलीतली एक चादर उचलली आणि त्या तारेकडे नेली, तशा त्या धावत आल्या आणि चादर माझ्या हातातून हिसकावून घेतली.

"तिथे नाही घालायची."

"का?"

"मी इथे चौदाव्या वर्षी आले. माझा नंबर चाळीस," त्या म्हणाल्या. हिसकावलेली चादर त्यांनी परत टोपलीत टाकली. रांगेत चाळीसच्या शेजारी कोण उभं राहत असणार, हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी विषय बदलला. "आज सकाळी इकडे कोण कोण आलं?"

"कुणी नाही. बाई आल्या तेवढ्या, आठ वाजता. शिवणाच्या मशीनचं तेल मागायला. खुर्ची कुरकुरते म्हणाल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा धुलाईघराची पायरी चढल्या, तीही खुर्चीसाठी."

"तुम्ही दिलंत?"

"दिलं. बाईंनी मागितलं की अजून हात आपोआप पुढे होतो माझा." त्या स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाल्या, आणि त्या हाताचा त्यांना किती राग होता ते मला दिसलं.

४

बाई एक्क्याऐंशीच्या. ताठ बसलेल्या, कमरेला चाव्यांचा जुडगा. गृह बंद झालं तरी जुडगा सुटला नव्हता. त्यांनी मला समोर बसवलं आणि माझ्या चपलांपासून केसांपर्यंत पाहून घेतलं. मला वाटलं, आता माझंही वर्तन कुठेतरी लिहिलं जाणार.

"त्या बिचारीला फार छळू नका," मावशींबद्दल त्या म्हणाल्या. "मनाने कमजोर आहे. वही जाळलीही असेल. चार शब्दांची माफी लिहून घ्या आणि सोडून द्या. मी कधी कुणाचं वाईट केलं नाही."

त्या मागे टेकल्या. खुर्ची चांगलीच कुरकुरली.

"त्या वहीत असं काय होतं, बाई?"

"काय असणार? आजच्या लोकांना ते क्रूर वाटतं. पण तेव्हा घराघरांतून आईबाप माझ्या पायाशी येऊन रडायचे, आमची मुलगी सांभाळा म्हणून. समाजाला कुंपण लागतं. ते मी धरून उभी राहिले, आणि आता ज्यांच्यासाठी उभी राहिले तेच विचारतात, कुंपण कशाला होतं." पुन्हा कुरकुर. खरं सांगायचं तर यातलं एक वाक्य मला बोचलं. माझेही बाबा त्या रडणाऱ्यांत होते.

"चोराने एक्केचाळीस हाच नंबर का निवडला असेल?"

"त्या नंबरात काय आहे?" बाई हसल्या. "हाताला लागला तो झगा उचलला असेल. एक्केचाळीस पुढे चौघीजणींनी वापरला. त्यातली कोण आठवणार आता?"

मी उठले आणि त्यांना वाकून नमस्कार केला. तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या आनंदाने मी कुणापुढे वाकले नव्हते.

दारात अध्यक्ष घड्याळ बघत उभे होते. "पावणेचार झाले. कळलं कोण ते?"

"कळलं. आणि वही कुठे आहे तेही कळलं. सगळ्यांना जिन्याखाली बोलवा," मी म्हणाले. "बाईंना आधी."

५

जिन्याखालून एक बोळ मागच्या अंगाला जातो. त्याच्या टोकाला पत्र्याच्या छपराची, बिनखिडकीची खोली आहे. दारावर अजून पाटी होती, 'विचारखोली'. मुलींनी एकटं बसून आपल्या वर्तनाचा विचार करायचा, म्हणून हे नाव.

"ही शोधली का?" मी अध्यक्षांना विचारलं.

"हिची किल्ली हरवलीय कधीची. कुलूप गंजलंय."

मी कुलपावरून बोट फिरवलं आणि त्यांच्यापुढे धरलं. बोट तेलाने चकाकत होतं.

"बाईंची खुर्ची अजून कुरकुरते," मी म्हणाले. "मग सकाळी मागितलेलं तेल गेलं कुठे?"

लेखनिक भिंतीला टेकले. मावशी बोळाच्या तोंडाशीच थांबल्या होत्या, आत पाऊल टाकायला तयार नव्हत्या.

"तुम्ही सगळे एकच चोर शोधत होता," मी म्हणाले. "इथे दोघांनी दोन वेगळी कामं केलीत. ज्याने झगा ठेवला, त्याला एक्केचाळीसबद्दल कुणीतरी विचारावं असं वाटत होतं. ज्याने वही नेली, त्याला ते कुणी विचारू नये असं वाटत होतं. हे एकच माणूस कसं असेल? झगा मावशींनी ठेवला, काल, लेखनिकांच्या कोटातल्या किल्लीने. वहीत एक्केचाळीसचं पान उघडून त्यावर ठेवला. हो ना मावशी?"

"हो," मावशी लांबूनच म्हणाल्या. "चौघींनी वापरून टाकून दिला, तेव्हापासून लपवला होता. चिंध्यांच्या पेटीत."

"आज सकाळी बाई पेटी बघायला आल्या. झगा दिसला, पान दिसलं. वही उचलली, झगा राहू दिला, म्हणजे आळ धुलाईघरावर जाईल. हुशारी चांगली होती. पण झगा राहिला म्हणून मी त्याची पट्टी उलटी करू शकले."

"काय पुरावा आहे?" बाई म्हणाल्या. आवाज अजून ठाम होता.

"तुम्हीच दिलात. मुलीला झगा एकच. पळालेली तो घेऊन जाते आणि नंबर मरतो. सतरा मेला, एकोणतीस मेला. एक्केचाळीस झग्यानिशी पळाली असं तुम्ही तिच्या घरी कळवलंत. आणि आत्ता मला सांगितलंत की तो नंबर पुढे चौघींनी वापरला. पळालेल्या मुलीचा झगा परत कसा आला, बाई? तिच्या अंगावरून कुणी काढला?"

बाईंचा हात आपोआप जुडग्यावर गेला. चुकलं काय ते त्यांना तेव्हा कळलं. चांगला झगा वाया घालवायचा नाही, हा त्यांचाच नियम होता.

"दार उघडा," मी म्हणाले.

त्यांनी उघडलं. नाही उघडलं असतं तर मी फोडलं असतं. वही समोरच्या फळीवर होती. बाई झटकन आत शिरल्या, वहीकडे हात टाकला. त्यांच्याआधी मी ती ओढून घेतली, मागे सरकले आणि बाहेरून कडी घातली.

"अहो, हे काय करताय?" अध्यक्ष ओरडले. "कोंडून ठेवणं गुन्हा आहे."

"आहे. आता आहे. तेव्हा नव्हता."

६

माझ्या हाताखाली शिकलेली अधिकारी आता या भागाची प्रमुख आहे. तिला फोन केला. एक तास लागेल म्हणाली, कुदळ-फावडी घेऊन येते. कुठे खणायचं ते मावशींनी सांगितलं. सहाव्या तारेच्या शेवटच्या खांबाशी.

मी दाराबाहेर स्टूल टाकून बसले आणि पान काढलं. अक्षर खरंच फार सुरेख होतं. 'कारण नसताना हसली. विचारखोली, तीन दिवस.' तारीख ऐन उन्हाळ्याची. पत्र्याचं छप्पर, बिनखिडकीची खोली. पुढच्या तीन तारखांपुढे काही नाही. चौथ्या दिवशी, 'नंबर सुटण्याचं कारण: पळाली.'

"बाईंनी सांगितलं तसं लिहिलं," लेखनिक पुटपुटले. "मी आत बघितलंसुद्धा नव्हतं."

"तेच तर," मी म्हणाले. "ते पोलिसांना सांगा. नीट अक्षरात लिहून द्या."

अर्ध्या तासाने आतून दार वाजलं. "पाणी," बाई म्हणाल्या. "थोडं पाणी द्या."

मी हलले नाही. याच हाकेसाठी मी एकावन्न वर्षं जगले होते, असं मला तेव्हा वाटलं. अध्यक्ष पुढे झाले, मी नुसतं बघितलं तशी ते थांबले. पुन्हा हाक आली, बारीक आवाजात.

मग मावशी बोळात आल्या. हातात तांब्या होता. भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत त्या दारापर्यंत पोचल्या.

"मावशी, नको," मी म्हणाले. "हिने माझ्या ताईला मारलं."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तू माशाची बहीण?" आणि मग, "ती तीन दिवस पाणी मागत होती गं. मी दाराच्या याच बाजूला होते. हातात तांब्या होता. बाईंच्या भीतीने दिला नाही. तिसऱ्या दिवशी मागायची थांबली. झगा मलाच धुवायला दिला." त्यांनी कडीवर हात ठेवला. "पुन्हा तसं करायला लावू नकोस मला."

मी बाजूला झाले. त्यांनी कडी काढली, तांब्या आत दिला आणि दार उघडंच ठेवलं. बाई जमिनीवर बसून घटाघटा प्यायल्या. माझा सूड असा अर्ध्यात माझ्या हातून गेला, आणि मावशींचा मला राग आला, आणि त्यांचे पाय धरावेसेही वाटले.

काही करायला हवं म्हणून मी पान वरपासून वाचायला घेतलं. आणणारे: वडील. त्याखाली त्याच सुरेख अक्षरात: 'माहिती देणारा: धाकटी बहीण, वय ९.'

मला ते माहीत होतं. त्या दुपारी ताईने मला सोबत नेलं नाही म्हणून मी रुसले होते, आणि बाबा घरी आल्या आल्या सांगून टाकलं. पण ते कुठे लिहून ठेवलेलं असेल असं कधी वाटलं नव्हतं.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने मैदानात कुदळ वाजू लागली, आणि थोड्या वेळाने थांबली. कुणीतरी मला हाक मारली.

उठण्याआधी मी पर्समधून पेन काढलं. पुराव्याच्या कागदावर खाडाखोड करणं गुन्हा आहे, हे मी तीस वर्षं नव्या पोरींना शिकवलं. मी 'पळाली' या शब्दावर आडवी रेघ मारली, आणि शेजारी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'इथेच होती.' खाली सही केली.

वरच्या ओळीला हात लावला नाही. ती खरी होती.